मॉन्टेरे काउंटी : स्ट्रॉबेरी लावावी की लेट्यूस?

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या या काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) शेतीमाल 2022 साली 4.6 अब्ज डॉलरांच्या घरात गेला. पहिला नंबर स्ट्रॉबेरीचा. पण वार्षिक अहवालात लेट्यूस या सॅलडच्या पालेभाजीचे दोन प्रकार, पानांचा आणि गड्ड्याचा, वेगळे मोजतात. दोन्हींची बेरीज केली तर लेट्यूसच पुढे निघतो.

आकडे ढोबळ उत्पन्नाचे आहेत, नफ्याचे नव्हेत, आणि खरी गोम तिथेच आहे. स्ट्रॉबेरीचं एकरी उत्पन्न लेट्यूसपेक्षा कितीतरी जास्त, पण खर्चही तसाच: प्लास्टिक आच्छादन, ठिबक, आणि हंगामात दर काही दिवसांनी हातानं तोडणी. जमीन महिनोन्‌महिने अडकते. लेट्यूस दोन-अडीच महिन्यांत मोकळा होतो, त्याच रानात वर्षाला दोन पिकं निघतात. भाव पडला, तर पुढच्या पिकात हात सावरता येतो.

रोगाच्या बाबतीत मात्र लेट्यूस नाजूक. फुलकिड्यांमार्फत पसरणाऱ्या विषाणूनं 2020 आणि 2022 मध्ये याच काउंटीतल्या सॅलिनास खोऱ्यातली शेतंच्या शेतं उद्ध्वस्त केली.

महाबळेश्वरात लावतात ती कॅमारोसा स्ट्रॉबेरी कॅलिफोर्निया विद्यापीठाचीच. म्हणजे स्ट्रॉबेरी आपल्या ओळखीची; तरी तोडणीची मजुरी परवडत नसेल, तर माझं मत लेट्यूसला.