सीटखालचा सबवूफर, नऊ महिने आणि एक बोल्ट

जुलैत बामणोलीहून परत येताना, कास पठार यायच्या आधीच जीपमधला सबवूफर, म्हणजे फक्त खालचे जाड सूर वाजवणारा स्पीकर, बंद पडला. धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसेना, वायपर चालू, शेजारी आमचे पखवाज वाजवणारे आण्णा, आणि भजन लावलेलं. पखवाज ऐन रंगात असताना धूम, म्हणजे त्याची डाव्या हाताची जाड बाजू, गायब झाली. नुसती उजवी, शाईची बाजू टिचटिच वाजत राहिली. आण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पखवाज्याचा डावा हात मोडला काय रं?"

गाडी बाजूला घेऊन सीटखाली वाकून बघितलं तर एरवी निळा असणारा दिवा लाल. प्रोटेक्शन, म्हणजे काहीतरी बिघडलंय म्हणून डबा स्वतःहून बंद झालाय. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की दोन मिनिटं निळा, जरा ठोका पडला की लाल. साताऱ्यापर्यंत आम्ही अर्धाच पखवाज ऐकत आलो.

ज्यांची चार बाय चार जीप आहे त्यांना बाकी सांगायला नको. तीन दारं, मागची सीट आडवी केली नाही तर डिकीत दोन पिशव्या कशाबशा मावतात. डब्यातला १२ इंची सबवूफर बसवायचा म्हणजे पंधरा-वीस किलोचं धूड मागे ठेवायचं, आणि चढावर फोर लो (चारही चाकांचा सगळ्यात संथ, जोराचा गिअर) टाकून दगडावरून चाक उतरलं की ते धूड पोरांच्या पाठीत. त्यामुळे ८ इंची, पातळ, आतच ॲम्प्लिफायर असलेला, ड्रायव्हर सीटखाली जाणारा घेतला. डबा ७ सेंटिमीटर जाड, सीटखाली जागा मोजून ८. कंपनीचं नाव लिहीत नाही, दुकानाचंही नाही. भांडण मिटलंय, उगाच उकरायचं नाही.

किंमत ९,५००, वायरिंग किट १,२००, मजुरी ८००. मी घासाघीस करून ११,००० वर आणलं आणि वर दुकानदाराने "पक्कं बिल केलं तर जीएसटी लागेल, सर" म्हटल्यावर मोठ्या हुशारीने "राहू दे" म्हणालो. ही हुशारी पुढे किती महागात पडली ते येईलच.

खोक्यावर ६०० वॉट लिहिलंय. माझ्यासारख्या चिकट माणसाने असल्या वेळी फ्यूज बघावा. डब्याला फ्यूज आहे १५ ॲम्पियरचा. गाडी चालू असताना १४ व्होल्ट धरा, झाले २१०. त्यातले चाळीसेक वॉट ॲम्प्लिफायर स्वतः तापण्यात घालवणार. म्हणजे हातात १६०-१७० वॉट, आणि कागदाच्या आत बारीक अक्षरात आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, १५० लिहिलेलीच होती. ६०० हा आकडा म्हणजे लग्नपत्रिकेवरचे प्रेषक, प्रत्यक्ष वाढायला चारच जण. पण १५० पुरतात हेही खरं. जीपची केबिन एवढीशी, काचा बंद केल्या की खालचे सूर आपोआप दाटतात. तेवढाच डबा सात सीटच्या गाडीत टाकला तर एवढा जोर जाणवणार नाही.

पहिल्या आठवड्यात मी येडा झालो होतो. गेन (सबवूफरचा जोर) पूर्ण, बास बूस्ट (खालच्या सुरांना वरून आणखी जोर) पूर्ण. गल्लीत शिरलो की शेजारचे आबा विचारायचे, "डॉल्बी बसवली व्हय?" आपल्याकडे छातीत धडधडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला डॉल्बीच म्हणतात. बायको म्हणाली, "अहो, तुमची गाडी पोवई नाक्यावर आली की मला घरात कळतं." कौतुक नव्हतं ते.

ट्यूनिंग शेवटी आण्णांनी केलं. चाळीस वर्षं पखवाज वाजवलाय त्यांनी, सज्जनगडाच्या पायथ्याच्या गावांत सप्त्याला बोलावणं असायचं. गाडीत बसले, एक अभंग ऐकला, आणि म्हणाले, "धुमेला कणीक जास्त झालीय." पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापतात, ती जास्त झाली की आवाज बसतो आणि घुमत राहतो. मी सीटखाली हात घालून गेन थोडा कमी केला. "अजून काढ." अजून कमी. मग लो-पास, म्हणजे कुठल्या सुराच्या वरचं सबवूफरकडे जाऊ द्यायचं नाही ते बटण, जे मी १२० हर्ट्झवर ठेवलं होतं, ते ८० वर आणलं. १२० ला माणसाचा आवाजसुद्धा सबवूफरमधून यायला लागतो, गाणारे बुवा माझ्या मांडीखाली बसल्यासारखे वाटायचे. ८० ला आणल्यावर बुवा पुढे डॅशबोर्डवर गेले आणि आवाज सीटखालून येतोय हे विसरायलाच झालं. शेवटी फेजचं बटण, म्हणजे सबवूफरचा ठोका बाकीच्या स्पीकरांशी जुळवणारं, शून्यावरून १८० वर टाकलं. आण्णा लगेच म्हणाले, "आता दोन्ही हात एकाच माणसाचे वाटतात." त्यानंतर मी एकाही बटणाला हात लावलेला नाही. बास बूस्ट शून्यावर आहे, तो कशाला दिलाय कळत नाही.

खडखड झालीच. नंबर प्लेट, जॅकची मूठ, मागच्या दाराच्या पट्टीतली एक क्लिप. फोम टेप, ४० रुपये, विषय संपला.

न संपलेला विषय होता शिट्टी. पहिल्या दिवसापासून गाणं बंद असताना बारीक 'कुंऽऽ' यायचं आणि ॲक्सिलरेटर दाबला की चढायचं. दुकानदार म्हणाला, "अल्टरनेटरचा आवाज आहे सर, सगळ्यांनाच येतो, फिल्टर टाका." ३५० चा फिल्टर टाकला, शिट्टी निम्मी झाली. मीही समाधान मानलं. तिथेच मी खरा चुकलो. शिट्टी इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढते म्हणजे बहुतेक वेळा मायनस कच्चा असतो, किंवा सिग्नलची वायर प्लसच्या वायरीला चिकटून आणलेली असते. आजार ओरडून सांगत होता आणि मी त्याच्या तोंडावर ३५० रुपयांची पट्टी लावली.

तर जुलैत बंद पडल्यावर दुकानात गेलो. त्याने सीटखाली टॉर्च मारली, मॅटवर बोट फिरवलं, चिखल दाखवला. "पाणी गेलंय सर. वॉरंटीत नाही बसत." डबा उघडला नाही, मीटर लावला नाही. मी म्हटलं, अहो निळा दिवा लागतो, वाजतो, मग बंद होतो, पाणी गेलं असतं तर लागला असता का? तर म्हणे, "बिल आणा, कंपनीला पाठवून बघू." बिल! आमच्या हुशारीचं बिल. मग एक्स्चेंजमध्ये ७,५०० भरून नवीन घ्या म्हणाला. मी दोन दिवस फोनवर आवाज चढवून बोललो, त्याने दोन दिवस "सर, समजून घ्या" म्हटलं. त्या रात्री मी या सबवूफरबद्दल जे लिहून ठेवलं होतं ते आता खोडलंय. त्यात पहिलं वाक्य होतं, 'पाणथळ भागातल्यांनी सीटखालचा सबवूफर घेऊ नये.' ते चुकीचं निघालं.

कोरेगाव रस्त्याला ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रकांचं वायरिंग करणारे एक मिस्त्री आहेत. ट्रॉलीचे दिवे करून घ्यायला गेलो होतो, सहज विषय काढला. त्यांनी सबवूफर म्हणजे काय हे विचारलंसुद्धा नाही. "प्लस कुठनं आणि मायनस कुठं, तेवढं सांगा." मी फोनवर ५० हर्ट्झचा सूर लावला, नुसता एकसुरी घूंऽऽ. गाडी चालू ठेवली. त्यांनी मीटर बॅटरीवर ठेवला, १४.१. सबवूफरच्या टोकांवर ठेवला, १०.६. मग एक काडी बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी सबवूफरच्या मायनसवर. मीटरने २.९ दाखवलं. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं. माझ्या वाट्याचे तीन व्होल्ट वाटेतच कोणीतरी खात होतं. दहा-साडेदहाच्या आसपास गेलं की असले ॲम्प्लिफायर स्वतःला वाचवायला बंद होतात, लाल दिव्याचा अर्थ एवढाच होता.

मिस्त्री खाली वाकले, मायनसची वायर हाताने चाचपत गेले आणि थांबले. "हात लावा हितं." लावला. बोल्ट गरम. चहाच्या पेल्यासारखा.

बोल्ट कुठला? सीटचा. दुकानातल्या पोराने सोय बघितली, सीटखाली डबा, शेजारी सीटचा बोल्ट, तो काढला, त्याच्याखाली मायनसचा थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) सरकवला, परत आवळला. खाली बॉडीचा रंग तसाच. बोल्टच्या आट्यांना तो सैल होऊ नये म्हणून कारखान्यातच लावलेला सुका चिकट पदार्थ, तो तसाच. म्हणजे करंट जायला वाट होती रंग जिथे ओरखडला गेला तेवढ्या केसाएवढ्या जागेची. कोरड्या दिवसांत भागलं. पाऊस आला, ओल शिरली, त्या केसावर गंज चढला.

मिस्त्रींनी पान्याला बोट लावलं तर बोल्ट पाव आटा फिरला. मऊ थिंबल दबत गेला आणि बोल्ट ढिला झाला. ज्या सीटवर मी इतके महिने यवतेश्वरचा घाट उतरतोय त्या सीटचा बोल्ट. "सीटचा बोल्ट माणूस धरायला असतोय ओ, करंट धरायला न्हाय," मिस्त्री म्हणाले. पैशांसाठी मी जेवढा चिडलो नव्हतो तेवढा तिथे चिडलो.

काम वीस मिनिटांचं होतं. थिंबल काढला, सीटचा बोल्ट नीट आवळला. बाजूला बॉडीच्या एका मोकळ्या भोकात वेगळा नटबोल्ट घेतला, पॉलिश पेपरने रंग घासून पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर, तांब्याचा थिंबल, वरून व्हॅसलीन, त्यावर रंगाचा हात. वायर वीतभर. नवीन भोक पाडायचं असतं तर त्यांनी आधी खाली झोपून बघितलं असतं, पत्र्याखालून डिझेलची आणि ब्रेकची नळी जाते. मग पुढे जाऊन बॅटरीचा मायनस बॉडीला जोडणारी पट्टी घासली. ही पट्टी आपल्या गाड्यांत फार महत्त्वाची. सांगाड्यावर बॉडी रबरांवर ठेवलेली असते, धातूला धातू लागेलच असं नाही. पट्टी गंजली की घासलेल्या पत्र्याचाही उपयोग नाही.

पुन्हा मीटर. मायनसला २.९ च्या जागी ०.१. सबवूफरवर १३.४. शिट्टी बंद. ३५० चा फिल्टर काढून टाकला तरी बंद. मिस्त्रींनी घेतले ८० रुपये, तेही मी देतोय म्हणून. चहा त्यांनीच पाजला. मी पुढच्या खेपेला अर्धा किलो कंदी पेढे नेऊन दिले, एवढा खर्च मी सहसा करत नाही.

तेव्हा सबवूफरबद्दलचं मत आता असं. डबा चांगला आहे. मी तो उघडून बघितला, आत पाण्याचा टिपूस नाही. चिखलाची रेघ डब्याच्या तळापासून बोटभर वर येऊन थांबली होती, म्हणजे वाचला तो थोडक्यात. ओढ्यातून गाडी घालणार असाल तर मॅटखाली पाणी येणारच, फरशीतले बुच्चे जुने झाले की जास्तच. म्हणून डबा मॅटवर ठेवू नका. मी दोन लोखंडी पट्ट्यांवर उचलून घेतलाय, जेमतेम सेंटिमीटरभर, आणि आता सीटखाली पोस्टकार्ड जाईल एवढीच फट आहे. सीट सगळ्यात मागच्या खाचेत जात नाही. माझी उंची पाच फूट चार इंच, मला फरक पडत नाही. मेव्हणा सहा फुटी आहे, तो गाडी मागायचा बंद झाला, हा वरचा फायदा.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. मायनस सुधारल्यावरही बॅटरी १४.१ आणि सबवूफर १३.४, मधले ०.६ प्लसच्या वायरीत जात होते. आवाजात तेवढ्याने काहीही फरक पडत नाही, मला पक्कं माहीत आहे. तरी झोप येईना. किटच्या १,२०० च्या वायरीवर ८ गेज (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) छापलंय. टोक कापून सोललं तर रबर करंगळीएवढं आणि आतली तार शेंगदाण्याच्या टरफलात तांदूळ असावा तशी. एका तारेवर ब्लेड ओढलं, तर वरचं तांबडं सुटून आत पांढरं. वर तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम तांब्याच्या साठेक टक्केच वीज वाहतं, आणि हे गेजही खोटं. खऱ्या तांब्याची ८ गेज वायर पाच मीटर आणली. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर ठेवला, कारण बॅटरी आणि फ्यूजच्या मधल्या तुकड्यात वायर पत्र्याला लागली तर फ्यूज वाचवत नाही, आग लागते. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे रबराचं कडं, घातला, पत्र्याच्या धारेने वायर कापू नये म्हणून. आता सबवूफरवर १३.८ दिसतात. रोज नाही बघत, आठवड्यातून एकदा बघतो.

जुनी वायर भंगारवाल्याकडे नेली. त्याने काट्यावर टाकायच्या आधीच चाकूने खरडली आणि हसला. "तांब्याचा भाव मागू नका साहेब, हे ॲल्युमिनियम हाय." दुकानदाराला जे कळत नव्हतं ते याला बघताक्षणी कळलं. मी ती वायर विकली नाही. गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलीय, पॉलिश पेपरच्या तुकड्याशेजारी.