चुनखडीच्या नावाखाली जिप्सम: ४,६८० रुपये मातीत

कोकणातल्या जांभ्या मातीतली आम्लता कमी करायला चुनखडी टाकणारे सध्या एका टोळक्याच्या रडारवर आहेत, म्हणून हे लिहितोय. टेम्पो, छापील पत्रकं, "माती परीक्षण फुकट" आणि गोड बोलणं; पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या १० गुंठ्यांसाठी १२ गोण्या घेतल्या. ५० किलोची गोणी ३४० रुपये, म्हणजे ४,०८०. वर टेम्पोचे ६००. आत निघालं जिप्सम.

जिप्समने आम्लता जात नाही. ते खारवट-चोपण जमिनीचं औषध. कॅल्शियम दोन्हीत असतं, पण आम्ल मारतो तो चुनखडीतला कार्बोनेट. जिप्सममध्ये असतो सल्फेट. सामू (pH, जितका कमी तितकी माती आम्ल) आधी ५.२, महिन्याने पुन्हा तपासला तरी ५.२! ५.५ च्या खाली मातीतलं अॅल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं आखडतात, स्फुरद (फॉस्फरस) अडकून बसतं. मिरचीची रोपं तशीच खुरटली.

खटकायला हवं होतं ते प्रात्यक्षिकाच्या वेळी. विकणाऱ्याने स्वतःच्या बरणीतली पूड पेल्यातल्या पाण्यात टाकली, पेला हातात दिला. चांगला गरम लागला. लिटमसचा कागद निळा झाला. सगळे खूश. अहो, चुनखडीच्या भुकटीने पाणी तापत नाही! तापवतो तो कळीचा चुना. बरणीत एक माल, शिवलेल्या गोणीत दुसरा. पण लावणी तोंडावर, चुनखडी तीन-चार आठवडे आधी मिसळावी लागते. अशा घाईत बरणीवर कोण संशय घेतो?

नमुना गोणीतूनच काढा, तोही तुम्ही निवडलेल्या. चिमूटभर पुडीवर लिंबू पिळा. चुनखडी फसफसते, जिप्सम ढिम्म. डोलोमाइट (मॅग्नेशियमवाली चुनखडी) हळू फसफसतं, ते बारीक कुटून बघा. फसफसलं तरी खडीची भुकटी मिसळलेली असू शकते: पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये चमचाभर टाका, तळाशी राहील तो दगड. आणि पूड पिठासारखी हवी. रव्याएवढी जाड असली तर या हंगामात तिचा फारसा उपयोग नाही.

मात्रेतही लूट. एवढ्या आम्ल मातीला गुंठ्याला २० ते २५ किलो, म्हणजे आम्हाला पाच गोण्या पुष्कळ. त्याने गुंठ्याला ६० किलोंचा हिशोब लावला. खरी चुनखडी असती तर त्या मात्रेने जस्त, लोह, बोरॉनची कमतरता आली असती. युरियाबरोबर तर कधीच टाकू नका, अमोनिया उडून जातो.

आता सरकारी दरबार. कृषी सहाय्यक म्हणाले, "हे खत नाही, आमच्याकडे येत नाही." तालुक्याला म्हणाले, पक्कं बिल आणा. बिलावर काय, तर "माती सुधारक, १२ नग"! चुनखडीचा उल्लेखच नाही. वैधमापनवाल्यांनी विचारलं, वजन बरोबर आहे ना? मग झालं. पोलिसांनी दिवाणी बाब म्हणून बोळवण केली. प्रयोगशाळा माती तपासते, पूड तपासत नाही. फुकट परीक्षणवाल्याला कोणी विचारायचं नाही, आणि पदरचे पैसे गेलेल्याने पाच टेबलं झिजवायची!

बिलावर "कॅल्शियम कार्बोनेट" आणि टक्केवारी लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. एक गोणी शिलाईसकट ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, आमची तिथे दाखल आहे. उरलेलं जिप्सम फेकू नका, भुईमुगाला आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटताना गुंठ्याला ४-५ किलो चालतं. या हिशोबाने आमचा साठा काही वर्षं पुरेल.