होडी-शिबिराची खरेदी इतवारीत: ताडपत्री आणि ड्रम डोळे मिटून, लाइफ जॅकेट मात्र नाही

नागपूरजवळच्या खिंडसी तलावाच्या काठावर दोन रात्रींचा मुक्काम, सहा शिडाच्या लहान होड्या आणि वीस माणसं. एवढ्या शिबिराचं सामान नागपूरच्या इतवारी बाजारात एका दिवसात मिळतं का? बरंचसं मिळतं, आणि काही वस्तू तर मोठ्या शहरांतल्या आउटडोअर दुकानांपेक्षा सरस मिळतात. तीन गोष्टींसाठी मात्र इथे पैसे टाकू नयेत: लाइफ जॅकेट, शीड चढवायची दोरी आणि शिडाच्या कप्प्या. कारण सरळ आहे. हा बाजार ट्रकवाल्यांचा, शेतकऱ्यांचा, बांधकामवाल्यांचा आहे. त्यांच्या कामाची वस्तू इथे खोटी निघाली तर दुकान चालणार नाही, म्हणून ती चोख मिळते. पाण्यावरच्या खेळाचं गिऱ्हाईक इथे वर्षातून एखादं येतं. त्यामुळे वस्तू हातात घेतली की आधी विचारायचं: भाऊ, हे मुळात कशासाठी घेऊन जातात?

सुरुवात ताडपत्रीपासून, कारण इथली ताडपत्री खरोखर उत्तम आहे. नागपूर ट्रकांचं गाव. मालावर टाकायची ताडपत्री इथे पारखून घेतली जाते. स्वयंपाकाच्या आणि जेवणाच्या मांडवाला १८ बाय २४ फुटांची एक आणि होड्यांचं सामान झाकायला १२ बाय १५ च्या दोन पुरतात. दुकानदार जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये) सांगतो, त्यावर न जाता तिथल्याच काट्यावर वजन करायला सांगा. १८ बाय २४ फूट म्हणजे ४० चौरस मीटर. २०० जीएसएमची असेल तर ती ८ किलोच्या आसपास भरली पाहिजे. ५-६ किलो भरली, तर तो माल १२५-१५० चा आहे, शिक्क्यावर काहीही छापलेलं असो. दुसरं म्हणजे उलगडून मोजा. काठ दुमडण्यात माप घटतं आणि छापलेलं माप बहुतेक वेळा दुमडण्यापूर्वीचं असतं. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: काठात दोरी घालून शिवलेली आहे का ते बोटांनी चाचपा. तलावावर दुपारी वारा सुटला की ताडपत्री मध्ये फाटत नाही, रिंग उपटते. काठात दोरी असली की ओढ सगळ्या काठावर वाटली जाते. कापडी, मेण लावलेली ताडपत्री घेऊ नका. ती छान दिसते, पण भिजली की दोघांना उचलत नाही.

याच दुकानांच्या आसपास जाड मशीनवर शिवणारे कारागीर बसतात. होडीचं कव्हर, डोलकाठीची लांब पिशवी, खुंट्यांची थैली ही कामं ते माप दिलं की बिनचूक करून देतात. फाटलेलं शीड मात्र त्यांच्याकडे देऊ नये. शिडाला नागमोडी टाका लागतो, कारण कापड वाऱ्याने ताणलं जातं आणि सरळ टाका त्या ताणात एकामागून एक तुटत जातो.

आता दोरी. इथेच सगळ्यांत जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून बघू. दोरी किलोवर विकतात, आपल्याला मीटर हवे असतात. ८ मिलिमीटरची पीपी (पॉलिप्रॉपिलीन) दोरी १ किलोत साधारण ३३ मीटर बसते, त्याच जाडीची नायलॉन २४ मीटर. हा हिशेब पाठ असला की भाव परवडतो की नाही ते तिथल्या तिथे कळतं. पीपी पाण्यावर तरंगते. म्हणून पडलेल्या माणसाकडे फेकायची दोरी आणि होडी ओढून न्यायची दोरी पीपीचीच हवी. पिवळी किंवा केशरी घ्या, पाण्यावर लगेच दिसते. तिचा दोष ऊन. उन्हाने ती वरून चरचरीत होते, हाताला कुसं टोचायला लागली की बदलायची. नायलॉन बुडते आणि ताणली जाते. नांगराला हा ताण उपयोगी, कारण लाटेचा झटका दोरीत जिरतो. १० मिलिमीटरची, प्रत्येक होडीला २५ मीटर घ्या. शीड चढवायला मात्र तीच नायलॉन वाईट. वारा भरला की दोरी लांबते, शीड दोन-चार बोटं खाली सरकतं, पुढची कड सैल पडते आणि होडी वाऱ्याच्या दिशेने नीट चढत नाही. तिथे विणलेली पॉलिएस्टर हवी.

पॉलिएस्टर मागितली की इथे गुळगुळीत, रेशमी दिसणारी पांढरी दोरी पुढे येते. तिचा वीतभर तुकडा पेलाभर पाण्यात टाका. तरंगला तर पीपी. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर, आणि एवढ्यावरून या दोघांतला फरक गल्ल्यासमोर उभ्या उभ्या खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच ही एक दोरी शिडाच्या सामानाच्या दुकानातून मागवा. एंटरप्राइज वर्गाच्या होडीला दोन शिडांच्या मिळून तीन-चार दोऱ्या, एवढाच तो खर्च आहे.

इतवारीतल्या लोहाओळीत, म्हणजे लोखंडाच्या गल्लीत, सळई कापून मिळते आणि हेच तिथलं खरं काम. बाजारी तंबूबरोबर येणाऱ्या सहा इंची खुंट्या विदर्भाच्या काळ्या मातीत उपयोगाच्या नाहीत. पाणी ओसरलेल्या काठाची माती वाळून भेगाळते, वरचा वीतभर थर सैल असतो. १२ मिलिमीटर सळईचे दीड फुटाचे तुकडे, एक टोक अणकुचीदार आणि दुसरं वाकवून, असे ४० घ्या. होड्या बांधायला प्रत्येकी एक सब्बल. रात्री वारा फिरला तरी सब्बल हलत नाही. नांगरासाठी चार बोटांचा गळ इथे सहज बनवून देतात, पण चिखलात तो नांगरतच जातो. त्याऐवजी पात्याचा नांगर बनवून घ्या आणि त्याला दोन मीटर गॅल्व्हनाइज्ड साखळी जोडा. ६ मिलिमीटरची साखळी मीटरला पाऊण किलोच्या वर भरते. त्या वजनाने दोरी तळालगत राहते आणि पातं मातीत शिरतं.

शॅकल (पिनेने बंद होणारी कडी) घेताना खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या ३१६ स्टीलचा आग्रह धरण्याची गरज नाही. आपलं पाणी गोडं आहे, ३०४ स्टीलही वर्षानुवर्षं टिकतं. चकचकीत मुलामा दिलेले स्नॅप हुक मात्र टाळा. ते कुत्र्याच्या साखळीसाठी बनलेले असतात, जोराच्या ओढीत त्यांचं तोंड उघडतं. विहिरीच्या आणि ट्रकच्या कप्प्या इथे भरपूर आहेत, पण जड असतात आणि त्यांची खोबण दोरी खाते. शिडाच्या कप्प्या बाहेरूनच मागवा.

निळे ड्रम ही या बाजाराची मोठी देणगी. ३० ते ५० लिटरचे, रुंद तोंडाचे, झाकणावर लोखंडी कडं आवळून बंद होणारे. महागड्या जलरोधक पिशव्या जे काम करतात ते हे ड्रम करतात, वर बसायला स्टूलही होतात. बहुतेक जुने असतात, तेव्हा आत काय होतं ते विचारा आणि नाक लावून बघा. वास येत असेल तर तंबू-दोऱ्यांसाठी ठेवा; कपडे आणि शिधा नव्या ड्रमातच. झाकणातली रबरी चकती नरम हवी, चिरलेली नको. घरी कोरडा कागद आत घालून ड्रम दहा मिनिटं पाण्यात उलटा दाबून धरा. कागद ओला निघाला तर चकती बदला. होडीत ड्रम सैल ठेवू नये. होडी उलटली की सैल ड्रम वाहून जातो. बाकाखाली आवळून बांधलेला ३० लिटरचा रिकामा ड्रम मात्र २८ किलोंच्या आसपास उचल देतो आणि होडी भरली तरी तरंगत ठेवतो. जुन्या, हवाबंद कप्पे गळणाऱ्या होड्यांना प्रत्येकी दोन बांधाच.

लाइफ जॅकेटबद्दल कुठलीही तडजोड नको. केशरी कापडात फोमचे तुकडे घालून शिवलेली जॅकेटं इथे टांगलेली दिसतात. काहींवर किती न्यूटन, म्हणजे पाण्यात किती उचल देतं, ते लिहिलेलंच नसतं. पोहता येणाऱ्याला, सोबत बचाव-होडी असताना, ५० न्यूटनचं चालतं. न पोहणाऱ्याला १०० न्यूटनचं, मान वर धरणारं हवं. मानक आयएसओ १२४०२, त्यातला भाग अनुक्रमे ५ आणि ४, हे लेबलवर वाचूनच मागवा. आल्यावर तपासायचीच. ५० न्यूटन म्हणजे सुमारे ५ किलोंची उचल. ७० किलोंवरच्या माणसाच्या मापाचं ५० न्यूटनचं जॅकेट २४ तास पाण्यात भिजवा, मग त्याला तराजूची ५ किलोंची, अर्ध्या किलोची आणि २०० ग्रॅमची लोखंडी वजनं बांधा. लोखंड पाण्यात थोडं हलकं होतं, म्हणून ५ किलो ७०० ग्रॅम. जॅकेट बुडालं तर परत करा. नंतर अंगात घालून पट्टे आवळा आणि दुसऱ्याला खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर आलं तर माप मोठं आहे. वीस माणसांना २२ जॅकेटं घ्या. एखाद्याचं बक्कल तुटतंच.

भांडी, गाद्या, ब्लँकेटं विकत घेऊ नका. ती बिछायत केंद्रातून भाड्याने आणा. वीस जणांना वरण, भात आणि भाजीचे तीन गंज (मोठी पातेली), दोन झारे, एक मोठी परात पुरते. डिसेंबर-जानेवारीत माणशी दोन ब्लँकेटं धरा: २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता आणि पाण्याकाठी दवही भरपूर पडतं. गाद्यांखाली जुने फ्लेक्स अंथरा. शिधा इतवारीतल्याच मस्कासाथ बाजारातून घ्या.

गॅसला ५ किलोंचे छोटे सिलिंडर दोन. ते गाडीतून रस्त्याने न्या, होडीतून नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर होडीच्या तळाशी साचून राहतो आणि वाऱ्याने निघत नाही. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी माणशी दिवसाला ५ लिटर, म्हणजे दोन दिवसांना २० लिटरचे १० कॅन. मार्चनंतर जात असाल तर १५.

गल्ल्या अरुंद आहेत, चारचाकी आत नेऊ नका. मेट्रोने चितार ओळी चौकात उतरून पायी फिरा, माल एका दुकानात जमा करा आणि शेवटी मालवाहू ऑटो बोलवा. सकाळी दुकानं उघडताच गेलात तर दोरी मोजून आणि ताडपत्री उलगडून दाखवायला दुकानदाराला वेळ असतो, दुपारनंतर नसतो. ही फेरी शिबिराच्या दोन आठवडे आधी करा, आणि जॅकेट, कप्प्या व शिडाची दोरी त्याच्याही आठवडाभर आधी मागवा, म्हणजे तपासणीत नापास झालेलं जॅकेट बदलून घ्यायला अवधी राहतो.