साधी मल्टिव्हिटॅमिन की सिस्टिक फायब्रोसिसची खास गोळी?

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात बहुतेकांच्या स्वादुपिंडाचे पाचक रस आतड्यात पोहोचतच नाहीत. मग न पचलेल्या स्निग्धांशाबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही शौचावाटे निघून जातात. साध्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये ही चार बेताचीच असतात, 'के' तर कधीकधी नसतंच. खास गोळीत ती भरपूर असतात, तीही पाण्यात मिसळणाऱ्या रूपात. माझा कौल हिलाच. मात्र ती रिकाम्या पोटी घेऊ नका, सोबत स्निग्ध जेवण आणि पाचक रसांची उणीव भरून काढणारी एन्झाइमची कॅप्सूल हवीच.

दात घासताना हिरड्यांतून रक्त येतंय? डॉक्टरांना सांगा, 'के' कमी असू शकतं. 'ड' रक्तात किमान 30 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हवं, हाडांसाठी. मॉड्युलेटर औषधं (आजाराच्या मुळाशी असलेल्या सदोष प्रथिनाचं काम सुधारणारी) सुरू झाल्यावर 'अ' उलट वाढू शकतं, तेव्हा रक्त पुन्हा तपासून डोस ठरवून घ्या.