लहान लेकरांना घेऊन हुरड्याला जायचं तर हे शेत बघा (खुलताबादच्या अलीकडं)

डिसेंबर लागला की संभाजीनगरात जिकडं बघावं तिकडं हुरडा पार्टीचे बोर्ड, पण त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हुरडा नावालाच असतो. लॉन असतं, डीजे असतो, सेल्फी पॉइंट असतो आणि जेवणाच्या टेबलावर एका कोपऱ्यात भांड्यात गार पडलेला हुरडा. लेकरं दोन चमचे खातात आणि मोबाईल मागतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की बुकिंग करताना बाकी काही विचारू नका, आगटी (कणसं भाजायचा विस्तवाचा खड्डा) समोर पेटते का आणि लेकरांना तिथं बसू देतात का हे आधी विचारा.

आम्ही गेलो ते शेत दौलताबादचा घाट चढून खुलताबादकडं जाताना रस्त्यापासून थोडं आत आहे. शेतकऱ्याच्या घरचेच लोक सगळं बघतात. सकाळी लवकर गेलो, थंडी होती, आणि पोचल्या पोचल्या लेकरांना घेऊन त्यांच्यातले एक काका थेट ज्वारीत गेले, कोणतं कणीस खुडायचं ते दाखवायला. दाणा हिरवा पाहिजे, नखानं दाबला की दूध आलं पाहिजे, टणक झाला असला तर तो निबर, त्याचा हुरडा होत नाही. आमच्या मोठ्यानं (तो तिसरीत आहे) हे असं मनावर घेतलं की नंतर प्रत्येक कणीस तोच तपासून देत होता.

मग आगटी. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, गरम राखेत कणसं खोचायची आणि भाजली की बाहेर काढून हातावर चोळायची. आमची धाकटी चार वर्षांची, तिला मी आधी लांबच धरून बसले होते, पण काकांनी तिच्यासाठी भाजलेलं कणीस बाजूला काढून थोडं निवू दिलं आणि म्हणाले, "माय, आधी फुंकर घाल, मग चोळ." अर्धा हुरडा मातीत गेला, कुणी काही बोललं नाही. एरवी घरी भाकरीकडं न बघणारी पोरगी तिथं मूठ मूठ हुरडा खात होती आणि तिच्या आजीच्या डोळ्यात पाणी आलं, कारण त्यांचं सगळं लहानपण शेतात गेलं, त्या तिला सांगत बसल्या की आम्ही थंडीत शाळा सुटली की हेच खायचो.

लहान लेकरांच्या आयांनी एक लक्षात ठेवा, हुरड्यात कूस (दाण्यावरचं टोचरं साल) राहिलं तर घशाला टोचतं, ठसका लागतो. इथं सुपात नीट पाखडून देतात आणि वाणही हुरड्याचाच लावलाय, दाणा कुसातून लगेच सुटतो. गूळभेंडी ज्वारी तर सगळ्यांना माहीत आहे, पण परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं परभणी वसंत नावाचा खास हुरड्यासाठीचा वाण काढलाय, यांनी दोन्ही लावलेत आणि दोन्ही खायला दिले. मला गूळभेंडीच जास्त गोड लागली.

सोबत शेंगदाण्याची चटणी, तिळाची चटणी, गूळ, दही, रेवड्या, गोडीशेव, बोरं, ऊस, आणि शेवटी हरभऱ्याचा हुळा पण भाजला, तेव्हा सगळ्यांची तोंडं काळी झाली. दुपारी जेवण होतं, बाजरीची भाकर, भरीत, ठेचा, ताक. भरीत लेकरांना झेपणार नाही एवढं तिखट, पण सांगितल्यावर वहिनींनी धपाटे थापून दिले दह्यासोबत, वेगळे पैसे घेतले नाहीत. मोठ्यांना 500, लेकरांना 250, पाच वर्षाखाली काही नाही. दिवसभराचं खाणं धरलं तर मला हे अजिबात जास्त वाटलं नाही.

बाकी मग चिंचेला झोका, बैलगाडी. पाखरं हाकायचा माळा आहे, त्यावर चढून काकांनी मोठ्याला गोफण शिकवली, दगडाऐवजी मातीचं ढेकूळ घालून, आणि पुढं कुणी नाही ना ते बघून. हे मला फार आवडलं, शिकवतात पण जपून.

आता खटकलं ते. बाथरूम एकच आहे, स्वच्छ आहे पण गर्दीत लेकराला घाई झाली तर अवघड होतं. आणि दुपारी एक मोठा ग्रुप आला, त्यांनी स्पीकर आणला आणि मालकांनी तो लावू दिला, धाकटी तोवर आजीच्या मांडीवर झोपली होती ती दचकून उठली, मग आम्ही निघालोच. शेतावर स्पीकर नको हे मी त्यांना तिथंच सांगितलं, परत सांगणार आहे, कारण बाकी सगळं एवढं मनापासून करतात तर हे पण व्हायला पाहिजे. तोपर्यंत लहान लेकरं असतील तर रविवार टाळा आणि सकाळीच जा. शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीची गर्दी असते, रस्त्यात वेळ जातो. येताना वेरूळ करायचं असलं तर मंगळवार सोडून जा, त्या दिवशी लेणी बंद असतात.

स्वेटर, टोपी आणि कपड्यांचा एक जास्तीचा जोड घ्या, राखेनं सगळं काळं होतं. आणि आदल्या दिवशी फोन करून कणसं कोवळी आहेत का ते विचारून घ्या, ते खरं सांगतात, आम्हाला आधी चार दिवस थांबा म्हणाले होते. संक्रांतीनंतर नणंदेची लेकरं येणार आहेत, तेव्हा उशिरा पेरलेला तुकडा हुरड्यावर आलेला असेल म्हणाले, त्यांना घेऊन परत जायचं ठरलंय.