नाटक सुटल्यावर सोलापुरात जेवायचं कुठे?

हुतात्मा स्मृती मंदिरात रात्री साडेनऊचा प्रयोग असेल, तर तिकीट काढतानाच जेवणाचंही ठरवून टाकावं. दोन अंकी नाटक मध्यंतर धरून अडीच तासांच्या आसपास जातं. बाहेरगावच्या कंपनीची गाडी वेळेत पोचली आणि सेट वेळेत लागला, तर बाराला पडदा पडतो. जरा काही लांबलं की साडेबारा. मग गर्दीतून गाडी काढायची, बरोबरची माणसं गोळा करायची. तोवर शहरातल्या बहुतेक हॉटेलांत टेबलांवर खुर्च्या उलट्या चढलेल्या असतात.

ही अडचण कायद्याची नाही. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा लागू झाल्यापासून दारू न विकणाऱ्या हॉटेलला रात्रभर उघडं राहता येतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने निर्णय काढून तेच पुन्हा स्पष्ट केलं. खरी अडचण स्वयंपाकघरातली आहे. भाकऱ्या थापणाऱ्या मावशी दहा-साडेदहाला घरी जातात. तंदूरवाला शेवटच्या रोट्या काढून निखारे विझवतो, आणि एकदा थंड झालेला तंदूर चार गिऱ्हाइकांसाठी कोणी पुन्हा पेटवत नाही. मग वेटर येऊन सांगतो, "तंदूर बंद झालाय साहेब. राइस हाय, अंडाकरी हाय, लगेच देतो." पाटी 'उघडे आहे' असं म्हणते, पण हॉटेल निम्मं बंद झालेलं असतं.

जागा निवडताना चव मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. नाटक बघून बाहेर पडलेल्या माणसाला आधी बोलायचं असतं. दुसऱ्या अंकातला तो प्रवेश जमला का, शेवट तसा का केला, अमक्याचं काम किती सुंदर झालं, हे सगळं त्याच रात्री बोलून व्हायला हवं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याची गंमत राहत नाही. म्हणून जिथे तासभर बसू देतात, उठा म्हणत नाहीत आणि चूल चालू असते, ती जागा माझ्या लेखी चांगली. खालची तुलना याच हिशेबाने वाचा.

पार्क चौपाटी

हुतात्मापासून सगळ्यात जवळची जागा हीच. पावभाजी, डोसा, भेळ, बुर्जी, आइस्क्रीम, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं आणि खिशालाही परवडतं. संध्याकाळी साडेपाच-सहाचा प्रयोग असेल आणि बरोबर मुलं असतील, तर दुसरीकडे कुठे जायची गरज नाही. साडेआठला नाटक सुटलं की चौपाटी ऐन रंगात असते.

रात्रीच्या प्रयोगानंतर मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नका. अकराच्या सुमाराला गाड्यांची आवराआवर सुरू होते. एखादी उघडी सापडलीच तर भाजीचा तळ उरलेला असतो आणि प्लेट उभ्यानेच संपवावी लागते. बोलणं होतं, पण फुटपाथवर आणि घाईघाईत.

हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत मात्र चौपाटीला तोड नाही. सोलापूर केंद्रावर प्राथमिक फेरी लागली की तिकीट नाममात्र असतं आणि प्रेक्षकांत निम्मे लोक स्वतःच कुठल्या तरी संघातले. प्रयोग संपल्यावर गाड्यांभोवती त्यांची टोळकी उभी राहतात. एकाच्या हातात पावभाजी असते आणि दुसरा प्रकाशयोजनेवर तावातावाने बोलत असतो. या शहरातली नाटकावरची सगळ्यात चांगली चर्चा मी तिथेच ऐकली आहे. नाटक करण्याची इच्छा असणाऱ्या पोरापोरींनी त्या दिवसांत जेवायला दुसरीकडे जाऊच नये.

सात रस्ता, होटगी रोड

फडकुले सभागृहातला संध्याकाळचा कार्यक्रम नऊ-साडेनऊला संपला, तर हा पर्याय पहिला. फॅमिली रेस्टॉरंट आहेत, एसी आहे, गाडी लावायला जागा आहे, ज्येष्ठांना नीट पाठ टेकून बसता येतं. पनीर, तंदुरी, दाल खिचडी असा नेहमीचा मेन्यू असतो आणि काही ठिकाणी भाकरीसह मटणाची थाळी. सोलापूरची खास अशी चव इथे कमी, पण सोय सगळ्यात जास्त.

साडेनऊच्या प्रयोगानंतर इथे जाऊन उपयोग नाही, कारण शेवटची ऑर्डर साडेदहा-अकराला घेतात. परमिट रूम असलेल्या ठिकाणी दारूच्या वेळेचं बंधन असतं आणि ती वेळ झाली की अख्खं हॉटेल रिकामं करतात. तुम्ही फक्त जेवत असलात तरी दिवे मालवायला सुरुवात होते.

स्टेशन आणि एसटी स्टँड

मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावरचं स्टेशन असल्याने सोलापुरात रात्रभर गाड्यांची ये-जा असते. स्टँडवर पुण्या-मुंबईच्या, हैदराबादच्या, कर्नाटकातल्या बसगाड्या येत-जात असतात. त्यामुळे नाटक कितीही वाजता सुटो, चहा आणि काहीतरी गरम तिथे मिळतं.

तिथला ऑम्लेट-पाव एकदा शांतपणे बघण्यासारखा असतो. गाडीवाला कांदा-मिरची इतकी बारीक चिरतो की मिरची दिसत नाही, फक्त लागते. दोन अंडी स्टीलच्या ग्लासात फोडून चमच्याने खडखडवतो आणि तव्यावर ओततो. कडा सुटायच्या आत उघडलेला पाव त्याच्यावर पालथा दाबतो आणि सगळं मिळून एकदम उलटतो. पावाला वेगळं तेल लागत नाही. वर कोथिंबीर, बाजूला कांदा, झालं. मध्यरात्रीनंतर इतकं ताजं दुसरं काही मिळत नाही, कारण हे करायला तंदूरही लागत नाही आणि मावशीही लागत नाहीत.

नाटक संपवून पहाटेची गाडी धरणाऱ्या पाहुण्यांना, एकट्या माणसाला किंवा दोघा मित्रांना ही जागा उत्तम. कुटुंबाला घेऊन जाऊ नये असं मी म्हणेन. बसायला बाकडं मिळेलच असं नाही, रिक्षावाले आणि प्रवाशांची वर्दळ असते, आणि आजी-आजोबांना तिथे उभं करणं बरोबर नाही. पण दोघंच असाल, तर चहाचा दुसरा ग्लास घेऊन नाटकावर हवं तितकं बोलावं. तिथे कोणी उठवत नाही.

विजापूर वेस

मांसाहार करणाऱ्यांसाठी चवीच्या बाबतीत हा पर्याय सगळ्यांच्या वर. निखाऱ्यावर भाजलेले शीक, लिंबू आणि कांदा, खिमा, बिर्याणी. एरवी इथेही बाराच्या आत आवरतं, तेव्हा नवाच्या आत सुटणाऱ्या प्रयोगानंतरच जा. चारचाकी वेशीच्या गल्ल्यांत नेऊ नका, लांब लावून चालत या. टेबलं एकमेकांना लागून, मागे उभं राहून वाट बघणारी माणसं. तासभर बोलत बसायची ही जागा नाही. खाऊन निघायचं आणि गप्पा सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने परत येताना मारायच्या.

रमजानमध्ये हे सगळं बदलतं. रात्रीच्या तरावीहच्या नमाजानंतर वेस जी जागी होते ती सहरीपर्यंत, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या जेवणापर्यंत. त्या महिन्यात रात्रीचा प्रयोग लागला असेल आणि बरोबरची मंडळी धडधाकट असतील, तर साडेबाराला सरळ इकडे वळा. शहरात दुसरीकडे कुठेही त्या वेळी इतकं गरम आणि इतकं विविध जेवण नसतं. गर्दीची मात्र तयारी ठेवा.

हायवेचे ढाबे

पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्गावर ट्रक रात्रभर धावतात, म्हणून ढाब्याची चूल विझत नाही. पुणे नाक्यावरून बाळे ओलांडून विद्यापीठाच्या बाजूला गेलं किंवा हैदराबाद रोडला लागलं, की रात्री एकलाही गरम जेवण मिळतं. सात-आठ जणांचा कंपू साडेबाराला उपाशी बाहेर पडला असेल, तर बाहेर जेवण्यासाठी ढाब्याइतकं भरवशाचं काही नाही.

मागवायचं काय, हे नीट सांगतो, कारण इथे मेन्यू कार्डावर जाऊन चालत नाही. त्या वेळी पातेल्यात काय गरम आहे ते विचारायचं. दाल तडका, शेवभाजी, अख्खा मसूर, अंडाकरी यांचं रात्री काही बिघडत नाही. मसाला तयार असतो, पाच मिनिटांत ताट येतं. मटण घ्यायचं असेल तर सुक्यापेक्षा रस्सा घ्या. सुकं परतून परतून चामट झालेलं असतं, रस्सा मात्र रात्र चढेल तसा मुरतो. रोटी तंदूरची मिळाली तर ठीक. ज्वारीची भाकरी मागून बघा, पण थापणारं माणूस गेलं असेल तर संध्याकाळच्या भाकऱ्या तव्यावर गरम करून देतात आणि त्या वातड लागतात. अशा वेळी भातच घ्यावा. पनीरच्या फंदात पडू नका.

आणि बसणं! बाजा असतात, डोक्यावर उघडं आभाळ असतं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये दिवसभर चाळिशी ओलांडलेल्या उन्हाने भाजून निघाल्यावर रात्री साडेबाराला तिथली हवा अंगाला लागते, तेव्हा कोणालाच उठावंसं वाटत नाही. नाटकावर दोन तास वाद घालायचा असेल तर ढाबा हवा.

आता दुसरी बाजू. मध्यरात्री हायवेवर गाडी घालायची म्हणजे चालवणारा पूर्ण जागा आणि कोरा हवा. काही ढाब्यांवर त्या वेळी पिणाऱ्यांची टेबलं भरलेली असतात आणि आवाज चढलेले असतात. बायकांचा ग्रुप असेल किंवा लहान मुलं असतील, तर फॅमिली सेक्शन वेगळा आहे, अंगणात चांगला उजेड आहे आणि आत आणखी दोन कुटुंबं जेवताना दिसतात, असाच ढाबा निवडा. यातलं काही कमी वाटलं तर गाडी वळवा, भीड धरू नका. सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन मी या पर्यायाकडे जाणार नाही. जेवण दीडला संपणार, घरी जुळे सोलापूर या उपनगरात पोचेपर्यंत दोन वाजणार. ती ओढाताण कशाला?

ॲपवरून मागवणं

बारानंतर ॲप उघडलं की बिर्याणी, चायनीज आणि केक यांच्यापलीकडे फारसं काही दिसत नाही. पाहुणे हॉटेलवर उतरले असतील तर ठीक.

घर

याला पर्याय म्हणून कोणी मोजत नाही, आणि मला ते पटत नाही. सोलापूरच्या माणसाच्या घरात कडक भाकरी असते. ती दिवसेंदिवस टिकते आणि करायला कोणी जागं असावं लागत नाही. शेंगा चटणी असते, उखळात कुटलेली, तेल सुटेपर्यंत. दही विरजलेलं असतं. निघायच्या आधी शेंगांची किंवा डाळीची आमटी करून झाकून ठेवली, तर आल्यावर फक्त गरम करायची. भाकरी मोडून आमटीत टाका, दोन मिनिटं मुरू द्या, वर चटणी आणि कच्चं तेल. धपाटे करून ठेवले असतील तर दह्याबरोबर तेही चालतात. रात्री साडेबाराला पोटाला यापेक्षा हलकं आणि जिभेला यापेक्षा खमंग असं हॉटेलात काही मिळणार नाही.

तेव्हा माझा कौल असा. पाच-सहा माणसं असतील, त्यात कोणी वयस्कर असेल आणि प्रयोग साडेनऊचा असेल, तर शेजारच्या जोडप्यालाही घेऊन घरीच या. घोळक्यात सगळे तिशीच्या आतले असतील तर ढाबा. प्रयोग संध्याकाळचा असेल तर मुलांसाठी चौपाटी, ज्येष्ठांसाठी सात रस्ता, शौकिनांसाठी वेस. परगावचा पाहुणा रात्रीच्या गाडीने जाणार असेल तर त्याला सोडायला जाताना स्टेशनवरचा ऑम्लेट-पाव. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी यातलं काहीही निवडू नये. त्यांनी आठलाच घरी जेवून निघावं, मध्यंतरातल्या वड्यावर अवलंबून राहू नये.

जानेवारीत संक्रांतीच्या आसपास गणित वेगळं असतं. सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा, म्हणजे जत्रेचा बाजार, होम मैदानावर भरतो. खाण्याचे स्टॉल तेव्हा नाट्यगृहापासून चालत जाण्याइतके जवळ असतात. पण नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या आणि शोभेच्या दारूकामाच्या दिवशी आजूबाजूचे रस्ते बंद किंवा तुडुंब असतात. त्या दिवशी गाडी लांब लावून पायीच यायचं ठरवा.

हॉटेलात किंवा ढाब्यावर जायचं पक्कं असेल, तर फोन मध्यंतरात करा. तोवर पहिला अंक किती लांबला ते कळलेलं असतं, त्यामुळे तुम्ही किती वाजता पोचाल ते नक्की सांगता येतं. उघडं आहे का, हे विचारण्यात अर्थ नाही, उत्तर नेहमी 'हो' असंच येतं. तंदूर किती वाजेपर्यंत चालू आहे, भाकरी थापणारं कोणी आहे का आणि आम्ही इतकेजण येतोय तर भात-रस्सा बाजूला ठेवाल का, एवढं विचारा. माणसं किती ते ठाम सांगा, शक्य असेल तर तिथेच थोडे पैसे पाठवून द्या. आठ माणसांची ऑर्डर हातात आहे म्हटल्यावर मालक तंदूरवाल्याला अर्धा तास थांबवून घेतो. आणि फोन झाल्यावर मोबाइल बंद करूनच दुसऱ्या अंकाला आत जा.