ग्रास कटरचं ८० दात्यांचं पातं: गणपतीपासून काजूच्या हंगामापर्यंतचा अनुभव

मशीन ३५ सीसीचं, फोर स्ट्रोक. इंजिनाबद्दल तक्रार नाही, मला लिहायचंय ते पात्याबद्दल. ८० दात्यांच्या कार्बाइड पात्याचे (प्रत्येक दात्याच्या टोकाला कार्बाइड या कडक पदार्थाचा तुकडा जोडलेला असतो) चार दाते लागोपाठ उडाले. दुकानात घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, 'दगडाला लागलंय, वॉरंटी नाही.'

आमची बाग रत्नागिरी जिल्ह्यात. घरून तिकडे जाणारी वाट सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या कातळाच्या माळावरून, जाते आणि पुढे पऱ्या (ओहोळ) ओलांडून वर चढते. पावसाळा संपता संपता गवत कमरेएवढं होतं आणि जांभ्याचे दगड त्यात पार दडून जातात. पातं इथे दगडाला लागणारच. हे माहीत असलेला दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच पातं 'सगळं कापतं' म्हणून देतो, याचा मला खरंच राग आहे.

कार्बाइडचा दाता कडक असतो, पण ठिसूळ. साधा पोलादी दाता दगडाला लागला की बोथटतो, कार्बाइडचा तुकडाच उडतो. उडालेला तुकडा गोळीसारखा जातो, म्हणून मशीनचा गार्ड काढून काम करू नका आणि १५ मीटरच्या आत कुणाला उभं करू नका. शिवाय कार्बाइडवर आपली कानस चालत नाही, डायमंड व्हील लागतं. म्हणजे धारेसाठी गाव सोडून जायचं. तीन दात्यांच्या साध्या पात्याला मी बांधावर बसून कानस मारतो, तिन्ही दात्यांना सारखे हात. एका दात्याला जास्त घासलं तर मशीन थरथरतं आणि संध्याकाळी मनगटं बधिर होतात. बहुतेक तीन दाती पात्यांना दोन्ही अंगांनी धार असते. एक बाजू गेली की उलटून लावायचं, दोन पात्यांचं काम एका पैशात होतं.

कोवळ्या गवताला नायलॉन दोरी बरी. पण जून गवत आणि वेली गिअरच्या डोक्याभोवती गुंडाळतात, सारखं थांबून सोडवावं लागतं.

इथवर वाचून ८० दाती पातं टाकाऊच वाटेल. डिसेंबरपर्यंत माझंही तेच मत होतं. मग काजूचा मोहर धरायच्या सुमारास वाटेच्या वरच्या अंगाची घाणेरी काढायला घेतली. अंगठ्याएवढी जाड, वाळलेली खोडं. तीन दाती पातं त्यांच्यावर आपटून उसळत होतं. शिल्लक दात्यांचं तेच कार्बाइड पातं मात्र सुरीसारखं गेलं, करवंदाच्या जाळीतही. अट एकच, जमिनीपासून वीतभर वर कापायचं. बुडखे नंतर कोयतीने काढायचे, नाहीतर काजू वेचताना पायाला लागतात. पातं वरून पाहताना डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं, म्हणून खोड त्याच्या डाव्या अंगाने घ्या. उजवीकडचा पुढचा भाग खोडाला टेकला की मशीन झटक्यात अंगावर येतं.

नवीन पातं घेताना मधलं भोक २५.४ मिमी आहे ना ते मोजून घ्या. सैल बसलेलं पातं मधोमध राहत नाही. नट उलट्या आट्यांचा असतो, जोर लावण्याआधी दिशा पाहा.

यंदा सड्याच्या टप्प्याला तीन दाती पातं, घाणेरीला ४० दात्यांचं साधं पोलादी पातं लावून बघणार आहे. त्याला गोल कानस चालते आणि किंमतही कमी आहे. कार्बाइडला पुन्हा पैसे घालणार नाही.